माल किती थांबतो

पुण्याच्या मार्केट यार्डातला फळे-भाजीपाला विभाग शनिवारी बंद असतो, त्यामुळे रविवारचा बाजार आठवड्यातला सर्वांत मोठा. शनिवारची रात्र चढू लागली की गुलटेकडीकडे येणाऱ्या रस्त्यांवर गाड्या लागायला सुरुवात होते. आग्रा-इंदूरचा बटाटा, आंध्र-तमिळनाडूचा शेवगा, कर्नाटकातला कोबी, मध्य प्रदेश-गुजरातचा लसूण मोठ्या ट्रकमधून लांबून येतो. साताऱ्याचे आले, पुरंदरची भाजी, जुन्नर-आंबेगावचा फ्लॉवर पिकअपमधून जवळून येतो. गाळ्यांवर दिवे लागतात, हमाल डोक्याला टॉवेल गुंडाळतात, डाग, म्हणजे मालाची पोती-करंड्या, उतरू लागतात. आडत्याच्या एका हातात पावतीपुस्तक असते, दुसऱ्या हातात फोन. वाशीच्या बाजारात किती गाड्या लागल्या, नारायणगावला रात्री पाऊस झाला का, हैदराबादकडची मागणी कशी आहे, ही चौकशी माल उतरायच्या आधीच सुरू झालेली असते. गाळ्यावरचा पहिला सौदा ठरतो तेव्हा त्या दिवसाच्या धंद्याचे निम्मे काम गुलटेकडीच्या बाहेर उरकलेले असते.

व्यवसायाच्या संधी बाहेरची परिस्थिती कशी घडवते, हे पाहायला पुणेकरांना यार्डापेक्षा जवळची जागा नाही. आडते, खरेदीदार, भुसार व्यापारी, फूलवाले, टेम्पोवाले, तोलणार, हातगाडीवर भाजी विकणारी मावशी, सगळे आपापल्या परीने उद्योजकच. त्यांच्या नफ्या-तोट्याचे मोठे कारण मात्र त्यांच्या हातात नसते. पाऊस हातात नाही, पंचांग नाही, दिल्लीची अधिसूचना नाही, दोन देशांचे भांडण तर नाहीच. फ्रँक नाइट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये असे मांडले होते, की ज्या जोखमीचा हिशोब करता येतो तिचा विमा उतरवता येतो. जिचा हिशोबच करता येत नाही, ती अंगावर घेण्याचा मोबदला म्हणजे उद्योजकाचा नफा.

यार्डात मात्र सगळ्यांची अनिश्चितता सारखी नाही. बाहेरचा धक्का सगळ्यांना एकाच दिवशी बसतो, पण तो कोण पचवणार हे माल किती थांबतो यावर ठरते. कोथिंबिरीला तास असतात, फळाला दिवस, चाळीतल्या कांद्याला महिने आणि पोत्यातल्या तुरीला वर्ष. यार्डाचे विभागही थोडेफार याच हिशोबाने वेगळे पडले आहेत.

ऊन चढायच्या आत

पालेभाजीचा बाजार सर्वांत घाईचा. कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापात, चाकवत, करडई, अंबाडी, चुका यांच्या जुड्यांचे ढीग जमिनीवर रचलेले असतात. भाव शेकड्याने, म्हणजे शंभर जुड्यांचा. रविवारी एकट्या कोथिंबिरीच्या जुड्या लाखाच्या पुढे जातात. किरकोळ विक्रेता ढिगातली एक जुडी उचलतो, देठाकडून पकडून झटकतो, मधोमध बोटे घालून पाने उलगडतो. बाहेरून हिरवीगार दिसणारी जुडी आतून गरम लागली की तो ती खाली ठेवतो. भिजलेल्या मालाच्या जुड्या एकावर एक दबल्या की आत उष्णता धरते, आणि असा माल दुपारपर्यंत पिवळा पडतो. या दोन-चार सेकंदांच्या तपासणीवर शेतकऱ्याची सहा आठवड्यांची मेहनत ठरते.

पावसाचा परिणाम इथे दोन्ही बाजूंनी होतो. झड लागली की शेतातून माल निघत नाही, आवक घटते, भाव चढतो. पण त्याच पावसात गिऱ्हाईक घराबाहेर पडत नाही आणि आलेला मालही टिकत नाही. उघडीप मिळाली की थांबलेला माल एकदम येतो आणि भाव कोसळतो. शेकड्याचा भाव इतका खाली येतो, की काढणी, जुड्या बांधण्याची मजुरी आणि गाडीभाडे वजा जाता पट्टीवर काही उरतच नाही. पट्टी म्हणजे आडत्याने शेतकऱ्याला दिलेला हिशोबाचा कागद. किती नग आले, काय भावाने गेले, भाडे किती, हमाली किती, हातात किती, हे सगळे त्या एका चिठोऱ्यावर.

आडत्याचा धंदा बाहेरून दिसतो त्याहून वेगळा आहे. माल त्याच्या मालकीचा नसतो. तो शेतकऱ्याचा माल विकून देतो आणि त्यावर आडत घेतो. पण शेतकऱ्याला पैसे लगेच द्यायचे असतात आणि घेणारा किरकोळ विक्रेता बहुतेक वेळा उधारीवर माल नेतो, आज नेला की उद्या किंवा आठवड्याने पैसे. ही मधली पोकळी आडता स्वतःच्या पैशाने भरतो. शिवाय हंगामाच्या सुरुवातीला शेतकऱ्याला तो उचल देतो, त्यातून पुढचा माल आपल्या गाळ्यावर येण्याची सोय होते. म्हणजे त्याचे खरे भांडवल गाळा आणि काटा एवढेच नाही; कोणाला किती उधार द्यायचे हे ओळखणे त्यातला मोठा भाग आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा यार्डात माल होता, गिऱ्हाईक होते, पण या उधार-रोखीच्या साखळीत फिरवायला सुट्या नोटाच नव्हत्या. भाजी थांबू शकत नसल्याने ती पडेल त्या भावाने गेली.

पंचांग बघून लावलेला झेंडू

फूल बाजारात बाहेरची परिस्थिती म्हणजे पंचांग. श्रावणात मागणी वाढते, गणपतीत उसळते, पितृपक्षात पडते आणि घटस्थापनेला पुन्हा उभी राहते. पितृपक्षाच्या पंधरवड्यात फूलवाले निवांत असतात, तर पलीकडे भाजीच्या गाळ्यावर गवार, भेंडी, तांबडा भोपळा, अळूची पाने यांना मागणी. भोगीला हीच गंमत ओला हरभरा, गाजर, पावटा आणि वांग्यांची. एकादशी-महाशिवरात्रीच्या आधी करमाळ्याकडची रताळी येतात आणि भुसार विभागात साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची पोती हलतात. रमजानमध्ये खजूर, कलिंगड, खरबूज. पुण्यात एकाच आठवड्यात दोन-तीन धर्मांचे सण आले तर तो आठवडा फळबाजाराला सोन्याचा.

तारीख आधीपासून माहीत असते, म्हणून ही संधी सोपी वाटते. पण ती सगळ्यांनाच माहीत असते, हीच अडचण. झेंडूची रोपे लावल्यापासून फूल हाती यायला दोनेक महिने लागतात. दसऱ्याला तोडणी यावी म्हणून पुरंदर, दौंड, सातारा भागातले शेतकरी उलटे दिवस मोजून लागवड करतात, आणि सगळ्यांचे मोजणे सारखेच असल्याने फुलेही एकदम बाजारात येतात. २०२३ मध्ये श्रावण अधिक आला, गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि दसरा २४ ऑक्टोबरवर गेला. असे वर्ष आले की मागच्या वर्षीच्या तारखेने लागवड करणाऱ्याचा बहर सणाच्या आधीच ओसरतो.

त्यात पाऊस. कोरडा झेंडू आणि भिजलेला झेंडू यांच्या भावात निम्म्याचा फरक पडू शकतो. भिजलेले फूल वजनाला जड भरते, म्हणून खरेदीदार आधीच भाव पाडून मागतो, आणि ते काळे पडायला लागले की हाराला चालत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा-सोलापूरकडे अतिवृष्टीने शेते पाण्याखाली गेली आणि दसरा २ ऑक्टोबरला होता. ज्यांची फुले वाचली त्यांना भाव मिळाला, ज्यांची गेली त्यांना त्या भावाचा काय उपयोग? यार्डात भाव चढल्याच्या बातमीमागे बहुधा कोणाचे तरी शेत बुडालेले असते.

झेंडूला आणखी एक प्रतिस्पर्धी आला आहे, प्लास्टिकच्या फुलांचा. एकदा घेतले की चार सण चालतात, कोमेजत नाहीत, भिजत नाहीत. फूल उत्पादक आणि विक्रेते त्यावर बंदी मागत आले आहेत. थांबू न शकणाऱ्या मालाची गाठ इथे कधीच न कोमेजणाऱ्या मालाशी पडली आहे.

सफरचंदाचे परराष्ट्र धोरण

फळबाजारातल्या गाळ्यावर सफरचंदाच्या पेट्या रचलेल्या असतात तेव्हा एका रांगेत जगाचा नकाशा दिसतो. हिमाचल आणि काश्मीर हे देशी; इराण, न्यूझीलंड, अमेरिकेतले वॉशिंग्टन हे परदेशी; आणि २०२५ च्या मेपर्यंत यात तुर्कस्तानची पेटीही ठळक होती. देशी सफरचंदाचा हंगाम संपला की तुर्की पेटी ती जागा भरून काढायची.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला, मग ऑपरेशन सिंदूर. तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि मेच्या मध्यात पुण्यातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घ्यायचे नाही असे ठरवले. सरकारचा आदेश नव्हता. गिऱ्हाईकच त्या पेटीकडे पाहीनासे झाले होते. ज्यांनी आधी पैसे गुंतवून ठेवले होते त्यांचे नुकसान झाले, ज्यांचा इराण किंवा न्यूझीलंडच्या पुरवठादाराशी संबंध होता त्यांना दुसऱ्या दिवसापासून नवे गिऱ्हाईक मिळाले. त्याच काळात अटारीची सरहद्द बंद झाली. अफगाणिस्तानातला सुकामेवा त्या वाटेने येत असे, त्यामुळे अंजीर, जर्दाळू, मनुका विकणाऱ्यांना नवी वाट शोधावी लागली. पुण्यातल्या दुकानदाराने अटारी पाहिलेली नसते, पण तिथले फाटक पडले की त्याच्या बरणीवरची चिठ्ठी बदलते.

हापूसची गोष्ट वेगळी. तिथे बाहेरची परिस्थिती म्हणजे नाव. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या आंब्याला लागू आहे. त्याआधीपासून हंगामात कर्नाटकचा आंबाही यार्डात येतो, दिसायला जवळपास तसाच आणि भावाने बराच कमी. घाऊक बाजारात तो कर्नाटकचा म्हणूनच विकला जातो, जाणकार आडता पेटी उघडताच देठाच्या बाजूने पाहून सांगतो. लबाडी पुढच्या टप्प्यावर होते. पेटी बदलते, गवताचा थर तोच राहतो, पेटीवर देवगडचे नाव चढते. मानांकनामुळे अशा विक्रीविरुद्ध तक्रारीला कायद्याचा आधार आला. दुसरीकडे, ज्या कोकणी बागायतदाराला आपल्या नावाने पेटी पाठवता येते आणि पुण्यातल्या सोसायट्यांत थेट गिऱ्हाईक जोडता येते, त्याला त्याच मानांकनाने नवा धंदा दिला.

एक अधिसूचना आणि कांद्याची चाळ

कांद्याकडे आले की थांबण्याला किंमत येते. खरिपाचा हळवी कांदा टिकत नाही, काढला की विकावा लागतो. उन्हाळी गावरान कांदा मात्र चाळीत पाच-सहा महिने राहतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या शेतकऱ्याला त्यामुळे भाजीवाल्यापेक्षा एक पर्याय जास्त असतो, न विकण्याचा. चाळीत कांदा वजनाने घटतो, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. तरी दिवाळीच्या सुमारास जुना कांदा संपत आलेला आणि नवा पुरेसा न आलेला असा एक काळ येतो, त्या भावावर नजर ठेवून तो वाट पाहतो.

नेमक्या त्याच वेळी दिल्लीचीही नजर कांद्यावर असते. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ ला ती उघडली, पण टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किमतीची अट गेली, शुल्क निम्मे झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून उरलेले शुल्कही गेले. दीड-पावणेदोन वर्षांत धंद्याचे नियम निदान पाच वेळा बदलले. डिसेंबरच्या बंदीने ज्याच्या हातात नवा लाल कांदा होता तो सर्वांत अडचणीत आला, कारण त्याला थांबणे शक्यच नव्हते.

अशा वेळी कांद्याच्या व्यापाऱ्याचे कौशल्य म्हणजे सरकार कधी घाबरेल याचा अंदाज. किरकोळ बाजारात कांदा ओरडण्याइतका महागला, निवडणूक जवळ आली, पावसाने खरीप लांबला, या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या की तो साठा हलका करतो. हे कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. निर्यातदाराला आखातातल्या किंवा बांगलादेशातल्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्द पाळता येत नाही, ही त्यातली न दिसणारी हानी. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या देशाकडे वळले की शुल्क शून्यावर आले तरी लगेच परत येत नाही.

सव्वीस किलोची गोणी

भुसार विभागात पाऊल टाकले की आवाज बदलतो. लिलावाचा गलका नाही, घाई नाही. दुकानाच्या तोंडाशी लहान वाट्यांत तांदूळ, तूरडाळ, हरभराडाळीचे नमुने मांडलेले. व्यापारी पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे काढतो, तळहातावर पसरतो, एक दाणा दाताखाली फोडून ओलावा पाहतो. इथला माल वर्षभर थांबतो. म्हणूनच इथे सरकारचा हात वेगळ्या रीतीने येतो, साठ्यावर. २ जून २०२३ ला तूर आणि उडदावर साठामर्यादा आली, घाऊक व्यापाऱ्याला २०० टन आणि किरकोळ दुकानदाराला ५ टन. दहा दिवसांनी गव्हावरही मर्यादा लागली. ज्याची ताकद थांबण्यात होती त्याच्या थांबण्यालाच कायद्याने माप लावले.

पण नियमाची रेघ आखली की रेघेच्या कडेला धंदा उगवतो, याचे सर्वांत चांगले उदाहरणही इथलेच. १८ जुलै २०२२ पासून आधीच पॅक करून लेबल लावलेल्या धान्य, डाळी, पिठावर ५ टक्के जीएसटी लागला. त्याच्या दोन दिवस आधी, १६ जुलैला, देशभरच्या धान्य व्यापाऱ्यांनी बंद पुकारला होता. बंदने नियम बदलला नाही. बदलली ती गोणी. २५ किलोपर्यंतचे पॅकिंग करात आणि त्यापुढचे बाहेर असे स्पष्ट होताच २६ आणि ३० किलोच्या गोण्या बाजारात आल्या. तांदळाच्या गिरण्यांनी नवी पिशवी छापली, शिलाईवाल्यांनी मापे बदलली, किराणा दुकानदाराने ती गोणी फोडून सुटा तांदूळ विकला. एका किलोच्या फरकावर एक नवे माप रुळले. ज्या घरात महिन्याला दहा किलो तांदूळ लागतो ते घर मात्र छापील पिशवी घेते आणि कर भरते.

तेलाच्या डब्याची कथा आणखी लांबची. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि सूर्यफूल तेल दुर्मीळ झाले. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, तीन-साडेतीन आठवड्यांनी उघडली. सप्टेंबर २०२४ मध्ये सोयाबीन उत्पादकाला आधार म्हणून कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले, मे २०२५ अखेर ते १० वर आणले. प्रत्येक वेळी गोदामात जुन्या भावाचा साठा असणारा एक व्यापारी हसला आणि दुसऱ्या वेळी तोच रडला.

दिवाळीला तर हे सगळे फराळाच्या ताटात उतरते. पोहे, डाळे, खोबरे, बेसन, साखर, तूप, तेल ही यार्डाची यादीच. दि पूना मर्चंट्स चेंबर दर दिवाळीत ‘ना नफा ना तोटा’ तत्त्वावर लाडू-चिवडा विकते, आणि त्यासाठी लागणारी रांग शहराला परिचयाची आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे टप्पे बदलले, फरसाण, तूप आणि सुकामेव्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तोही दिवाळीच्या तोंडावर. जुन्या दराने आणलेला माल आणि नव्या दराची पावती यांचा मेळ घालण्यात अनेक दुकानांच्या हिशोबनिसांचे ते आठवडे गेले.

याच घाऊक बाजाराच्या जोरावर शहरात पक्क्या मालाचे ब्रँडही उभे राहिले. हुकमीचंद चोरडिया यांनी १९६२ मध्ये सुरू केलेला प्रवीण मसालेवाले हा उद्योग त्यातला ठळक. गावोगावच्या बायका घरी कांदा-लसूण मसाला कांडत होत्या. शहरात नोकरीला बाहेर पडणारी पिढी वाढली, कांडायला वेळ उरला नाही, आणि तयार मसाल्याला जागा झाली. मिरची तीच होती, घर बदलले होते.

पाठीवरचा हिशोब

यार्डातला प्रत्येक डाग कोणाच्या तरी पाठीवरून जातो. डॉ. बाबा आढाव यांनी पन्नासच्या दशकात पुण्यात हमाल पंचायत उभी केली. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा आला, आणि हमालाच्या मजुरीबरोबर लेव्हीच्या रूपाने भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनसची सोय झाली. शंभर किलोचे पोते जाऊन पन्नासचे आले त्यामागेही संघटनांचा रेटा होता. १९७४ मध्ये पंचायतीने सुरू केलेली ‘कष्टाची भाकर’ हा तर स्वतंत्र उद्योगच, स्वस्त झुणका-भाकर, चहा, पोळी-भाजी देणारा आणि अनेक बायकांना रोजगार देणारा. नफ्यासाठी सुरू न झालेला हा व्यवसाय पन्नास वर्षांनंतरही चालू आहे, याची दखल उद्योजकतेच्या पुस्तकांत सहसा दिसत नाही.

इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि तोलणाराच्या कामावर प्रश्न उभा राहिला. वजन यंत्र करते तर तोलाई कशाची, असे व्यापारी विचारू लागले. काटा लावणे, नोंद करणे, डाग चढवणे-उतरवणे यंत्र करत नाही, असे तोलणार सांगू लागले. वाराईवरूनही, म्हणजे गाडीतला माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरूनही, वाहतूकदार आणि बाजार यांच्यात वाद होत आले. तंत्रज्ञानाने वाचलेला खर्च कोणाच्या खिशात जायचा, हा वाद यार्डात अर्थशास्त्राच्या भाषेत होत नाही. काम बंद ठेवून होतो.

कुंपणाच्या आत, कुंपणाच्या बाहेर

मुळात यार्ड ही कायद्याने घडवलेली संधी आहे. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने ठरवले, की शेतमालाची घाऊक खरेदी-विक्री नेमलेल्या आवारात, परवानाधारकांनीच करायची. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याच्या जुन्या रीतीतून शेतकऱ्याला सोडवायचे, उघड लिलाव आणि खरे वजन द्यायचे हा हेतू. नाना पेठ-भवानी पेठेतला भुसार बाजार आणि मंडईच्या परिसरातला घाऊक भाजीबाजार सत्तर-ऐंशीच्या दशकांत गुलटेकडीला आला. ज्यांना तेव्हा गाळे मिळाले त्यांच्या पुढच्या पिढ्यांना बसायची जागाच भांडवल म्हणून मिळाली.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला नियमनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. मग बाजार सुरू झाले, पण कुंपणाला दारे पडली होती. साखळी दुकाने आणि घरपोच किराणा देणाऱ्या कंपन्या गावाकडे संकलन केंद्रे उघडून निवडक माल थेट उचलू लागल्या. नाशिकजवळच्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स २०१० पासून शेतकऱ्यांच्या मालकीचा रस्ता आखतच होती. संत सावता माळींच्या नावाचे शेतकरी आठवडे बाजार शहरात भरू लागले. त्यांचा पुरस्कार करणाऱ्या राज्य कृषी पणन मंडळाचे मुख्यालय खुद्द मार्केट यार्डातच आहे. आडत्याच्या गाळ्यावरून चालत जाण्याच्या अंतरावर बसून मंडळ आंबा महोत्सवात बागायतदाराची पेटी थेट गिऱ्हाइकाच्या हातात देते.

आवारातल्या व्यापाऱ्याचे गाऱ्हाणे असे, की आत शेकडा एक रुपयाच्या आसपास सेस, बाहेर काही नाही. ते खोटे नाही. पण संकलन केंद्र फक्त चांगला माल घेते. वाकडी काकडी, लहान टोमॅटो, डाग पडलेला फ्लॉवर शेवटी यार्डातच येतो, कारण इथे पहिल्या नंबरच्या मालाला हॉटेलवाला असतो, दुसऱ्याला हातगाडीवाला आणि तिसऱ्याला खानावळवाला. सगळा माल एका दिवसात उठवणारी दुसरी व्यवस्था अजून उभी राहिलेली नाही.

२०२० च्या टाळेबंदीने याचा अंदाज दिला. एप्रिलमध्ये यार्ड बंद ठेवावे लागले, उपबाजारांवर भार आला, सोसायट्यांच्या फाटकाशी शेतकऱ्यांचे टेम्पो उभे राहू लागले आणि मोबाइलवरच्या गटांत भाजीच्या याद्या फिरू लागल्या. टाळेबंदी उठल्यावर यातले बरेच जण यार्डाकडे परतले. वांग्यापासून लिंबापर्यंत सगळी यादी एकट्या शेतकऱ्याच्या शेतात पिकत नाही, आणि गिऱ्हाइकाला तर यादीच हवी असते. जे टिकले, त्यांनी दोन-चार शेतकऱ्यांचा माल एकत्र केला, उरलेला यार्डातून भरला आणि वेळेवर पोहोचवला. म्हणजे नव्या रूपात तेच काम, एकीकडचा माल दुसरीकडे नेऊन मधली जोखीम घेण्याचे.

शहर पुढे गेले

यार्ड बसवले तेव्हा गुलटेकडी शहराच्या कडेला होती. आज बिबवेवाडी, गंगाधाम, कोंढवा ओलांडून शहर कितीतरी पुढे गेले आहे आणि अवजड गाड्यांना वस्तीतून वाट काढावी लागते. पहाटेच्या ट्रकचा आणि शाळेच्या बसचा रस्ता एकच. मोशी, मांजरी, खडकी, उत्तमनगर हे उपबाजार आहेत. मांजरीला तर शेतकरी आडत्याशिवाय थेट विकतो. मोठे भुसार व्यापारी शहराबाहेर गोदामे घेऊन यार्डातला गाळा सौद्यापुरता ठेवू लागले आहेत.

२९ सप्टेंबर २०२४ ला पुणे मेट्रो भुयारातून स्वारगेटपर्यंत आली, आणि स्वारगेट-कात्रज टप्प्यात मार्केट यार्ड हे स्थानक आखलेले आहे. मेट्रोतून कांद्याचे पोते जाणार नाही. पण जमिनीचा भाव वर जाईल, आणि बाजार इथून हलवण्याची चर्चा दर काही वर्षांनी उठते, ती तेव्हा पुन्हा उठेल. स्थलांतराचा हिशोब प्रत्येकाचा वेगळा. गाळ्याची मालकी असलेल्याला दहा वर्षे थांबून जागेचे मोल घेता येईल. भुसार व्यापाऱ्याचे गोदाम आधीच बाहेर आहे. ऑनलाइन कंपनीला तर यार्ड कुठे आहे याने फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो पहाटे पीएमपीच्या पहिल्या गाडीने किंवा भागीतल्या रिक्षाने येणाऱ्या किरकोळ विक्रेत्या बायकांना. त्या आदल्या दिवशीची उधारी चुकवतात, नवी घेतात, दोन पाट्या भाजी भरून टिंबर मार्केट, पर्वती, जनता वसाहतीकडे जातात आणि दुपारपर्यंत माल संपवतात. बाजार पंधरा किलोमीटर लांब गेला तर त्यांचे भाडे वाढेल, पोहोचायचा तास पुढे सरकेल आणि ऊन चढायच्या आत विकायच्या पालेभाजीतली एक खेप कमी होईल. नव्या बाजाराचे आराखडे होतील तेव्हा ट्रक टर्मिनल, शीतगृह आणि वाहनतळ यांची मापे त्यांत असतीलच. या बायकांच्या रिक्षाभाड्याचा रकाना त्यांत कोणी घालणार आहे का, हे अजून ठरायचे आहे.